झेंडीकाका आणि सतरा खुंट्या

मोकळ्या माळावर काटकोनात वळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. समोर मैलभर काही नाही. भात कापून झालेलं, खाचरं कोरडी पडलेली, लांब खाडीच्या अंगाला मिठाचे पांढरे ढीग. आणि या सगळ्यातून झेंडीकाका खांद्यावर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा बांबू टाकून सरळ चालत यायचे, मध्येच थांबायचे, डावीकडे वळायचे, वीसेक पावलं जायचे, मग उजवीकडे वळून पुन्हा आमच्या दिशेने यायला लागायचे. तिरके आले असते तर निम्म्या वेळात पोचले असते. पण तिरकं येणं शक्य नव्हतं, कारण वाटेत इमारती होत्या. त्या अजून बांधलेल्या नव्हत्या, ही अडचण आमची होती, काकांची नव्हती.

मी ऑफिसात नवा असताना पहिल्यांदा साइटवर गेलो. जीपमधून उतरून नाकासमोर चालू लागलो, तर मागून हाक आली, "ओ ट्रेसरसायेब! कुनाच्या मोरीतून चाल्लाय?"

मी दचकून दोन पावलं मागे सरलो.

"आता सैपाकघरात उबे हाव," काका म्हणाले. "या बाहेर. दार त्या बाजूला हाय."

मी त्यांनी दाखवलेल्या दारातून बाहेर आलो. एवढंच नव्हे, येताना वाकून आलो. जीपचा ड्रायव्हर ही गोष्ट पुढे बरीच वर्षं सांगत असे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याचं काम चालू होतं. वाशीला चार इमारती उभ्या होत्या, बाकीचं शहर आमच्या ऑफिसातल्या कपाटात गुंडाळून ठेवलेलं होतं. मी तिथे ट्रेसर होतो. साहेबांनी काढलेल्या नकाशावर पातळ कागद अंथरायचा आणि तो शाईने गिरवायचा, हे माझं काम. दिवसाला दोन शाळा, एक बाजार आणि अर्धं तळं हा माझा वेग. काका तिथल्याच शिरवणे गावचे. त्यांची जमीन शहरात गेली आणि मग तेही शहरात गेले, म्हणजे आमच्या सर्व्हे पार्टीत चेनमन म्हणून लागले. साखळी ओढायची, साहेब सांगतील तिथे झेंडीचा बांबू धरून उभं राहायचं आणि साहेबांनी हात हलवला की तिथे लाकडी खुंटी ठोकायची. यातल्या बऱ्याच खुंट्या त्यांनी स्वतःच्याच शेतात ठोकल्या. त्याबद्दल कुणी हळहळायला लागलं तर म्हणायचे, "सायेब डोला लावतो, मी उबा रातो. शेर दोघांनी केलंय." आणि विडी पेटवायला वळायचे, म्हणजे हळहळणाऱ्याला पुढचं वाक्य बोलायला समोर कुणी उरत नसे.

नकाशा त्यांनी कधी हातात धरला नाही. "कागद भिजतो," म्हणायचे. त्यांचा नकाशा पायात होता. कुठलीही जागा ते दोन नावांनी सांगत. "सेक्टर आठ, म्हंजे आमची लांबी." "बसडेपो, म्हंजे धाकट्याची खाचर." साहेब लोक पहिलं नाव लिहून घेत. दुसरं, म्हणजे शेताचं नाव, कुणी लिहून घेतलं नाही, मीसुद्धा नाही. माझ्या कागदावर तेवढी जागा नव्हती, हे कारण मी तेव्हा देत असे.

आता माझ्या पत्राकडे येतो. ते टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

त्या वर्षी दिवाळीत मी वाईला जाऊन एक मुलगी पाहून आलो. नाव सुमन. मला मुलगी पसंत होती. मुलगा पसंत व्हायचा बाकी होता. माझ्यामागे वडीलधारं कुणी नसल्याने पुढचा पत्रव्यवहार मीच करत होतो, आणि तिथेच चुकलं. सुमनचे वडील अण्णा हे त्या भागातले नावाजलेले मंडपवाले. त्यांनी पत्रातून साधा प्रश्न विचारला होता, की मुलगी नांदायला येईल ते घर कसं आहे. मी वाशीत तीन ब्रह्मचाऱ्यांबरोबर एका खोलीत राहत होतो आणि त्या खोलीला एकच खिडकी होती, तीही जिन्यात उघडणारी. पण शिरवण्याच्या बाजूला मी एक ब्लॉक नोंदवून ठेवला होता. म्हणून लिहिलं: ब्लॉक दुसऱ्या मजल्यावर, पूर्वेकडे तोंड, खाली बाग, पाच मिनिटांवर रेल्वे स्टेशन, कोपऱ्यावर थेटर, चालत जाण्याजोगं तळं. सोबत सगळ्याचा नकाशा, माझ्याच हाताने गिरवलेला, जोडला. पत्रात एकही गोष्ट खोटी नव्हती. फक्त हे सगळं अजून व्हायचं आहे, तेवढं लिहायचं राहून गेलं.

अण्णांचं उत्तर आठवड्यात आलं. पौषात लग्नं नसतात, म्हणजे मंडपवाल्यांना सुट्टी. दरवर्षी या दिवसांत अण्णा घरची माणसं मॅटाडोरमध्ये घालून फिरायला काढत. धर्मशाळा आणि लॉज यांच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. स्वतःची राहुटी, स्वतःच्या सतरंज्या, स्वतःची पातेली; जिथे गाव आवडेल तिथे ठोकायची. या खेपेला महाबळेश्वर, पोलादपूर, महाड असं करत ते माझं शहर आणि मग मुंबई बघायला येणार होते. "नकाशा बराबर घेतला आहे," असं शेवटी लिहिलं होतं.

मी ते पत्र घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. विडी संपवली. मग म्हणाले, "मी खोटं बोलनार नाय."

"काका, खोटं नका बोलू. पण—"

"खोटं बोलनार नाय. दाखवतो मंग."

शनिवारी दुपारी मॅटाडोर आली. पुढच्या सीटवर अण्णा, मांडीवर माझा नकाशा. मागे अण्णांच्या पत्नी, म्हणजे काकू, सुमन, तिच्या दोन आत्या आणि पातेली. अण्णा उतरले, चौफेर बघितलं, नकाशा बघितला, नकाशा उलटा करून बघितला.

"पाव्हणं," ते म्हणाले, "शहर कुठाय?"

"उद्या दाखवतो," मी म्हणालो. "आज दमला असाल."

राहुटी कुठे ठोकायची हे काकांनीच ठरवलं. अण्णांनी पहिली जागा पसंत केली तर काका म्हणाले, "तिथं नको. पोलिस चौकी हाय." दुसरी जागा दवाखान्यात येत होती. शेवटी त्यांनी आम्हाला एका सपाट तुकड्यावर आणून उभं केलं. "ही बाग. बागेत मुक्काम केला त कोन काय बोलनार नाय." आणि ते घरी गेले. तेवढंच त्यांचं चुकलं. त्यांनी थांबायला हवं होतं.

कारण राहुटी उलगडल्यावर कळलं, की खुंट्यांचं पोतं महाडच्या मुक्कामात विसरलं आहे. मंडपवाल्याची राहुटी आणि खुंट्या नाहीत. अण्णांचा चेहरा असा झाला, की आत्या एकमेकींच्या मागे जायला लागल्या. मला वाटलं, हीच वेळ. मी म्हणालो, "किती पाहिजेत?"

"सतरा," अण्णा म्हणाले. "हितं कुठनं आणताय?"

मी पाऊण तासात सतरा खुंट्या आणून त्यांच्या पायाशी ओतल्या. माळावर पलीकडे त्या एका ओळीत, सारख्या अंतरावर, कुणाच्याच उपयोगात नसल्यासारख्या उभ्या होत्या. मजबूत लाकूड. प्रत्येकीच्या डोक्यावर तांबडा ठिपका. गावाकडे बांधावरच्या दगडाला शेंदूर लावतात, तसलं काहीतरी असेल असं समजून मी प्रत्येक खुंटीला नमस्कार करून ती उपटली होती. इथे सांगायला हवं, की त्या खुंट्या मी त्याच आठवड्यात ऑफिसात बसून गिरवल्या होत्या. पण माझ्या कागदावर त्या टिंबं होत्या. टिंबाला लाकूड असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"पोरगा कामाचा दिसतोय," अण्णा काकूंना म्हणाले. माझ्याबद्दल त्यांनी काढलेला तो पहिला चांगला शब्द. तो दुसऱ्या दिवशी साडेनऊपर्यंत टिकला.

रविवारी सकाळी काका आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून आले आणि मॅटाडोरमध्ये अण्णांच्या शेजारी बसले. शहरदर्शन सुरू झालं. काका सांगतील तिथे मॅटाडोर वळायची. मोकळ्या रानात ड्रायव्हर काटकोनात गाडी वळवतोय, आणि मागे पातेली या कुशीवरून त्या कुशीवर होतायत.

"इथं टेशन," काका म्हणाले.

सगळ्यांनी माना वळवल्या. पाण्याच्या डबक्यात तीन बगळे उभे होते.

"गाड्यांना येल हाय अजून," काका म्हणाले. "पुडं चला. हलू घ्या, इस्पितल हाय."

ड्रायव्हरने गाडी हळू घेतली. थेटरापाशी काकूंनी विचारलं, "आत बायकांना वेगळी बसायची सोय आहे का?" काकांनी विचार करून सांगितलं, की ते अजून ठरलं नाही. तळ्यापाशी मात्र आम्ही सगळे खाली उतरलो, कारण तळं खरोखरच होतं. त्याचं त्यांना इतकं अप्रूप वाटलं, की आत्यांनी पाण्यात पाय बुडवले. मग माझ्या ब्लॉकवर आलो. काकांनी बांबू जमिनीत रोवला. "हा जिना. इथनं दुसऱ्या माल्यावर ट्रेसरसायेब."

मी आकाशात बघत होतो, साधारण दुसऱ्या मजल्याएवढ्या उंचीवर. तेवढ्यात सुमन, जी आतापर्यंत एक अक्षर बोलली नव्हती, चेहरा सरळ ठेवून म्हणाली, "वारा छान येत असेल नाही? भिंती नाहीत म्हणून."

अण्णांनी नकाशाची घडी घातली. ती घडी ज्या तऱ्हेने घातली, त्यावरून मला वाटलं की आता माझीही घालतील. पण काका म्हणाले, "मेन रस्ता रायला. तो बगा न् मंग काय ते बोला." म्हणून पुन्हा गाडीत बसलो. दोनशे हात गेलो असू, आणि काका ओरडले, "थांबवा!"

ते खाली उतरले. इकडे गेले, तिकडे गेले. खाली वाकून जमीन चाचपली. या माणसाला माळावर वाट चुकलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. परत आले तेव्हा तोंड उतरलेलं होतं.

"रस्ता नाय," ते म्हणाले.

"अहो, हितं कायच न्हाई," अण्णा म्हणाले. "रस्त्याचंच काय घिऊन बसलाय?"

"बाकीचं सगलं हाय. रस्ता नाय. खुंट्या गेल्या. काल सांजच्याला हुत्या. सतरा खुंट्या कोनीतरी..."

सतरा हा आकडा ऐकून अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी तळ्याकडे बघितलं. तळं तिथून दिसत नव्हतं.

राहुटीपाशी आलो तेव्हा काका तिच्याभोवती एक फेरी मारून आले. प्रत्येक दोराखालची खुंटी बघितली. तांबडा ठिपका बघितला. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खाली बसले. "उद्या सकाली सायेब लाइन तपासाया येनार," एवढंच म्हणाले. त्या लाइनीची जबाबदारी त्यांच्यावर होती. लाइन दिसली नाही तर पहिला प्रश्न त्यांना, आणि त्यांची नोकरी जाणार. नंतर खरं कळलं असतं तर माझी. लग्नाचं मी मनातल्या मनात सकाळीच मिटवलं होतं.

अण्णा म्हणाले, "उठा. राहुटी उतरवा."

मला वाटलं, निघाले. पण त्यांनी मॅटाडोरमधून खुंट्या ठोकायची मोगरी काढली, जुना पंचा डोक्याला बांधला, आणि काकांसमोर येऊन उभे राहिले. "तुमी जागा दाखवा. ठोकायचं काम माझं. तीस वर्षं झाली, माझी एक खुंटी कधी तिरकी गेली न्हाई."

मग दुपारभर आम्ही शहर पुन्हा मांडलं. साखळी ऑफिसात कुलपात होती. काका बांधांवरून अंतर धरत होते. हा थोरल्याचा बांध, इथून चौदा पावलं. ही पाण्याची मोरी, हिच्या डाव्या अंगाला एक हात. अण्णा ठोकत होते, सुमन टोकाला झेंडीचा बांबू धरून उभी होती, आणि मी खुंट्या वाहत होतो, कारण तेवढंच काम माझ्यावर सोपवण्यासारखं होतं.

"चूक कशी न्हाई वो होत तुमची?" अण्णांनी विचारलं.

"माझंच शेत हाय," काका म्हणाले. "आता नाय. पन पायाला कुटं म्हाईत हाय ते?"

नववी खुंटी काकांच्या खळ्यात येत होती. चोपून सारवलेलं जुनं खळं, कडेला शेंदूर फासलेला एक दगड. मळणीच्या दिवशी त्याच्यापुढे नारळ फुटायचा. खुंटीची जागा दगडाला चिकटून होती. म्हणजे रस्ता दगडावरून.

अण्णांनी मोगरी खाली ठेवली. "दोन हात सरकवू की. तुमाला-मला सोडून कुणाला ठावं हाय? हे पाव्हणं तर कुणाला सांगायच्या लायकीचं ऱ्हायलंच न्हाई."

काका दगडापाशी उकिडवे बसले होते. मी सांगतो, मला मनापासून वाटत होतं की त्यांनी हो म्हणावं. त्यांनी टोपी काढली, दगडाला हात लावला, टोपी पुन्हा घातली.

"एक सरली की पुडच्या आठ सरतील," ते म्हणाले. "पुडं दुसऱ्याचं घर हाय. ठोका."

अण्णांनी ठोकली. सावकाश ठोकली.

ऊन उतरल्यावर चहा झाला. अण्णा बशीत चहा ओतता ओतता काकांना म्हणाले, "आता एक इचारतो. तुमी खोटं बोलत न्हाई हे बघितलं. आमचं पाव्हणं कसं हायेत?"

मी तिथेच बसलो होतो. उठून जावं की बसावं हे ठरेपर्यंत काका बोलायला लागले होते.

"खोटं बोलतो," ते म्हणाले. "पन लगेच घावतो. असा नवरा बाईमानसाला बरा. घावत नाय, त्यो वाईट."

सुमन राहुटीच्या दोराची गुंडाळी करत होती. ती हसली नाही. फक्त दोराचं टोक दातात धरून गाठ मारायला लागली, आणि ती गाठ बराच वेळ बसेना.

"आन् घराचं काय?" अण्णांनी विचारलं.

"व्हईल घर. मीच खुंटी मारलीय," काका म्हणाले. "मारलेली खुंटी हे लोक काय सोडत नाय. माझी जमीन गेली तशीच तुमच्या लेकीला घर मिलंल."

अण्णांनी चहा संपवला. बशी पालथी ठेवली. "मुंबई परवा बघू," ते काकूंना म्हणाले. "ती तयार हाय, कवाबी दिसंल. आजची रात गाडीतच काढू, उद्या त्या सायबाचं काय हुतंय ते बघून जाऊ."

सोमवारी साहेब आले. तिपाई मांडली, दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाले, "ही लाइन मागच्यापेक्षा सरळ कशी झाली?"

"जमीन सरली असंल, सायेब," काका म्हणाले. इतक्या वर्षांत ऐकलेलं त्यांचं हे एकमेव खोटं. ते घावलं नाही, पण त्याबद्दल मी त्यांना वाईट म्हणायला तयार नाही.

तो रस्ता पुढे झाला. ब्लॉक झाला, खाली बागसुद्धा झाली. स्टेशन यायला इतकी वर्षं लागली की सुमनने त्यावर बोलणंही सोडून दिलं. ते बघायला काका राहिले नाहीत. रिटायर झाले त्या पावसाळ्यात गेले. शिरवण्याहून निरोप आला तेव्हा मी गेलो, आणि गल्ली कुठली ते मला विचारत विचारत जावं लागलं. त्या भागाचा नकाशा मीच गिरवला होता.

पण ते डोळ्यांपुढे येतात ते शिरवण्याचे नाहीत, वाईचे. वैशाखात लग्न झालं. मुलाकडचं वडीलधारं माणूस म्हणून काका माझ्याबरोबर तीन दिवस आधी आले होते. अण्णांनी मुहूर्तमेढ रोवायला त्यांनाच पुढे केलं. भटजी कुरकुरले, तर अण्णा म्हणाले, "मंडप माझा, पोरगी माझी. मेढ ह्यांच्या हातची." काकांनी आंब्याची डहाळी बांधलेली मेढ हातात घेतली, एक डोळा मिटून ती सरळ आहे का बघितलं, आणि रोवली. रोवून झाल्यावर अण्णांना हळूच विचारलं, "ही काडता कदी?"

"लग्न झालं की तिसऱ्या दिशी मांडव उतरवतो. तवा."

काका तोवर थांबले. लग्नात त्यांचं फारसं लक्ष नव्हतं. पंगतीत जेवले, अक्षता टाकल्या, पण मधून मधून मेढेपाशी जाऊन उभे राहत. तिसऱ्या दिवशी अण्णांची माणसं कनाती सोडायला लागली तशी काका पुढे झाले. "ही मी काडतो," म्हणाले. "आजवर नुसत्या ठोकल्या."

त्यांनी मेढ दोन्ही हातांनी हलवून सैल केली आणि उपटली. मग खाली बसून त्या खड्ड्यात ओंजळीने माती भरली. थोडं पाणी मागून घेतलं, वर शिंपडलं, पायाने चोपलं, पुन्हा माती टाकली, पुन्हा चोपलं. अंगणात मेढ कुठे होती ते कळेनासं झालं. तरी ते तिथेच उभे राहून बघत होते.

"अवो, चला," अण्णा म्हणाले. "गाडी भरली."

"आलो," काका म्हणाले, आणि आणखी एकदा पाय फिरवला.